करंगळीचा ठेका

"हा हात तुमचाच आहे, मॅडम," तपास अधिकारी रेणुका शिंगणे म्हणाल्या आणि त्यांनी समोरचा पडदा ज्योत्स्नाकडे वळवला.

पडद्यावर एकच ओळ होती. 'सदर पाणी पिण्यास योग्य आढळले.' प्रत्येक अक्षराखाली एक उभी रेघ होती. काही जाड, काही बारीक, काही एकमेकींना खेटून, काही अंतर राखून. बोट कळीवर किती जोरात पडलं, किती खोल गेलं, किती वेळ टेकलं आणि पुढच्या कळीपर्यंत जायला त्याला किती वेळ लागला, हे सगळं त्या रेघांत होतं.

ज्योत्स्ना पोफळे जालन्याच्या 'निर्झर' या खाजगी प्रयोगशाळेत पाणीतपासणीची प्रमुख होती. अंबड रस्त्यावरच्या मृद्गंध वसाहतीच्या पाण्याचे नमुने तिनं स्वतः तपासले होते. त्यात मैल्यातले जंतू सापडले होते आणि तिनं अहवालात 'अयोग्य' असं लिहिलं होतं. हे तिनं शिंगणेबाईंना पुन्हा सांगितलं.

शिंगणेबाईंनी मान डोलावली. तोही अहवाल मिळाला आहे, त्या म्हणाल्या. दुपारी 'अयोग्य' लिहिलं गेलं आणि त्याच संध्याकाळी, त्याच कीबोर्डवर, त्याच हातानं, पूर्ण नवा अहवाल टाइप झाला. वसाहतीला गेला तो दुसरा. "म्हणजे पाणी खराब आहे हे तुम्हाला पक्कं माहीत होतं. चूक झाली असं म्हणायलाही जागा नाही."

संध्याकाळी त्या वेळी ज्योत्स्ना जंतू वाढवायच्या बंद खोलीत होती. तिथं फोन नेत नाहीत, कॅमेरा नाही, दुसरं कुणी नव्हतं. तिनं ते सांगितलं. शिंगणेबाईंनी ते लिहून घेतलं, पण ज्या तऱ्हेनं लिहून घेतलं त्यावरून त्याला काही किंमत नाही हे ज्योत्स्नाला कळलं.

'ठेका' नावाचे हे कीबोर्ड काही वर्षांपूर्वी आले तेव्हा त्यांना सर्वांत जास्त डोक्यावर घेतलं होतं ते ज्योत्स्नानंच. त्याआधीची परिस्थिती फार वाईट होती. पासवर्ड चोरीला जायचे. आवाज आणि चेहरा तर कुठलंही स्वस्त यंत्र हुबेहूब बनवून द्यायचं. कागदपत्रं ज्या हार्ड डिस्कवर असत त्या पुसता येत, तारखा मागेपुढे करता येत, आणि कुणी काय लिहिलं याचा पत्ता लागत नसे. ठेका कीबोर्डात प्रत्येक कळीखाली एक बारीक चुंबक होतं आणि त्याच्याखाली त्या चुंबकाची हालचाल टिपणारा संवेदक. चालण्यावरून जसा माणूस दुरून ओळखू येतो, तसा टाइप करण्याच्या लयीवरून हा कीबोर्ड माणूस ओळखायचा. पासवर्ड नाही, कार्ड नाही. बसायचं आणि टाइप करायला लागायचं. चारदोन ओळींत तो ओळखायचा आणि तुमच्या नावानं यंत्र उघडायचा.

आणि ही लय साठवली जायची ती काचेवर. कीबोर्डाच्या पोटात नखाएवढी काचेची चकती होती. लेसरच्या झोतानं तिच्या आत खूप सूक्ष्म टिंबं कोरली जात. एकदा कोरलेलं टिंब पुसता येत नाही, बदलता येत नाही, उन्हानं, पाण्यानं, चुंबकानं बिघडत नाही. न्यायालयांनी या काचेला पुरावा म्हणून मान्यता दिली होती. आपल्या प्रयोगशाळेच्या अहवालात आता कुणाला ढवळाढवळ करता येणार नाही, असं ज्योत्स्नानं तेव्हा बैठकीत सगळ्यांना ठासून सांगितलं होतं.

पहिला अहवाल काचेवर कोरलेला असल्यामुळे तो बदलता येत नव्हता. म्हणून कुणीतरी नवा केला होता. आणि काच म्हणत होती, तो ज्योत्स्नानं केला.

मृद्गंध वसाहतीत घराघरांत कावीळ पसरली होती. बहुतेक लोक बरे झाले. पण दूषित पाण्यातून येणारी ती कावीळ गरोदर बाईला झाली तर जिवावर बेतते. दीपाली गवारे नावाची सातव्या महिन्यातली बाई छत्रपती संभाजीनगरच्या रुग्णालयात पोटातल्या बाळासह दगावली.

तिचा नवरा बालाजी गवारे ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या कारखान्यात कामाला होता. ज्योत्स्नाला अटकपूर्व जामीन मिळाल्यापासून तो रोज सकाळी कारखान्यात जायच्या आधी तिच्या फाटकासमोर येऊन उभा राहायचा. शिवी नाही, दगड नाही. नुसता उभा राहायचा. एकदा ती भाजीची पिशवी घेऊन बाहेर पडली तेव्हा तो जवळ आला आणि त्यानं विचारलं, "बाई, तुम्हाला लेकरू आहे का?"

आहे, ती म्हणाली. एक मुलगी.

"असू द्या," तो म्हणाला आणि निघून गेला. त्याच्या त्या दोन शब्दांत इतका द्वेष होता की ती भाजी न घेताच घरात परतली.

वकिलानं तिला पुराव्याची प्रत मिळवून दिली. दुपारभर ती जेवणाच्या टेबलावर त्या रेघा पाहत बसली. पाणी तपासण्यात तिचं आयुष्य गेलं होतं. आकड्यांचं, आलेखांचं तिला भय नव्हतं. पण इथं तिला स्वतःचाच हात दिसत होता, आणि तो अगदी बरोबर होता. 'पिण्यास' मधल्या 'य'च्या आधी एक छोटा खंड. 'योग्य' मधल्या दोन्ही 'य'च्या आधी तसाच खंड.

हा खंड का येतो हे तिला चांगलं माहीत होतं. कॉलेजात असताना तिच्या उजव्या हाताची करंगळी बसच्या दारात चिरडली होती. बोट वाचलं, पण त्यातली शीर गेली. ते वाकत नव्हतं, दाबत नव्हतं. मराठीच्या इन्स्क्रिप्ट मांडणीत च, ट, ज, ड, य ही अक्षरं उजव्या करंगळीच्या वाट्याला येतात. ज्योत्स्ना ती शेजारच्या अनामिकेनं मारायची. बोटाला जास्त लांब जावं लागायचं, म्हणून तो खंड.

असा हात जगात दुसऱ्या कुणाचा असणार. शिंगणेबाईंच्या जागी ती असती तर तिनंही हेच म्हटलं असतं.

आणि मग तिला शर्वरी आठवली.

शर्वरी तिची मुलगी. त्याच प्रयोगशाळेत, तिच्याच हाताखाली नोकरीला. शर्वरी लहान असताना ज्योत्स्नानं तिला मांडीवर बसवून टाइप करायला शिकवलं होतं. तिची बोटं आपल्या बोटांखाली धरून. पोरीनं आईचं बघून बघून करंगळी वर उचलून धरायची सवय लावून घेतली, आणि चांगली धडधाकट करंगळी असताना तीही 'य' अनामिकेनं मारायला लागली. घरी आलेले पाहुणे त्याचं कौतुक करायचे. पुढे ती सवय गेली की राहिली, हे ज्योत्स्नानं कधी पाहिलं नव्हतं. मोठ्या झालेल्या शर्वरीच्या हाताकडे पाहावं असं दोघींमध्ये काही उरलंच नव्हतं.

शर्वरीचे वडील गेल्यानंतर घरात दोघीच होत्या, आणि दोघी एकमेकींना सोसत होत्या. प्रयोगशाळेत तर उघड वैर होतं. शर्वरी घाई करायची, नमुन्याच्या बाटल्या नीट निर्जंतुक करायची नाही, आणि ज्योत्स्ना सगळ्यांदेखत तिचं काम परत पाठवायची. वार्षिक मूल्यमापनात तिनं मुलीची बढती स्वतःच्या हातानं अडवली होती. आई म्हणून मी तुला सूट देणार नाही, असं ती म्हणायची. सूट कोण मागतंय, तू इतरांना जेवढं देतेस तेवढं तरी दे, असं शर्वरीचं म्हणणं होतं. त्यात खोटं काही नव्हतं. ज्योत्स्ना तिच्याशी इतरांपेक्षा कठोर वागत असे आणि त्याचा तिला अभिमान होता.

संध्याकाळी शर्वरी कामावरून आली आणि आपल्या खोलीत लॅपटॉप उघडून बसली. ज्योत्स्ना दारात उभी राहिली. शर्वरीच्या उजव्या हाताची करंगळी कपाच्या कानासारखी वर उचललेली होती.

"तो अहवाल तू टाइप केलास," ज्योत्स्ना म्हणाली.

शर्वरीची बोटं थांबली. तिनं नाकारलं नाही. आई कधीतरी दारात येऊन हे म्हणणार, याची तिनं मनात तयारी केलेली असावी.

तिनं सांगितलं ते थोडक्यात असं. कामाला लागल्याच्या पहिल्याच महिन्यात आईच्या खुर्चीत बसून ती एक ओळ टाइप करत होती, तर कीबोर्डानं तिला आईच्या नावानं आत घेतलं. तिला गंमत वाटली. ती पुन्हा पुन्हा करून पाहिली. थंडीनं, थकव्यानं हाताची लय थोडी बदलते, म्हणून कीबोर्ड थोडी सूट देतो. शर्वरीचा हात त्या सवलतीत बसत होता. शिवाय तो रोजच्या हातावरून शिकत राहतो. शर्वरी जितकी जास्त वेळा आत गेली तितका तिचा हातही त्याच्या लेखी ज्योत्स्नाचा होत गेला. ही गोष्ट एक दिवस संचालक डॉ. प्रफुल्ल नाईकवाडे यांच्या लक्षात आली. त्यांनी रागावण्याऐवजी हसून विषय सोडून दिला. मृद्गंधच्या घरांचा ताबा देण्याचा समारंभ ठरला, आणि ज्योत्स्नाचा 'अयोग्य' आडवा आला, तेव्हा त्यांनी शर्वरीला केबिनमध्ये बोलावलं. बांधकाम करणारे लोक टाकीत क्लोरीन टाकणारच आहेत, ते म्हणाले. दोन दिवसांनी पाणी तसंही चांगलं येईल, तुझी आई उगाच अडून बसते. परभणीला नवी शाखा काढतोय, तिला प्रमुख लागणार आहे.

"आणि तू लिहिलंस."

"लिहिलं. क्लोरीन टाकणार होते ते. टाकलं नाही, हा माझा दोष नाही."

"एक बाई मेली, शर्वरी."

"मला माहीत आहे ती मेली. तो माणूस फाटकाशी उभा असतो, मला काय दिसत नाही?" तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "रोज त्याच्या समोरून मी कामाला जाते. तू काय करणार आहेस ते सांग."

ज्योत्स्ना पलंगाच्या कडेवर बसली. खरं तर त्या दुपारी, आठवण येताक्षणीच, तिच्या मनानं एक उत्तर काढून ठेवलं होतं. गप्प बसायचं. तिची नोकरी जवळजवळ संपत आली होती, शर्वरीचं सगळं पुढे होतं. तिनं मुलीला तेच सांगायला तोंड उघडलं. पण शर्वरीच आधी बोलली.

"तू कबूल केलंस तर तुला फार शिक्षा होणार नाही. वय, इतक्या वर्षांची नोकरी, सगळं बघतात. नाईकवाडे सर चांगला वकील देणार आहेत. आणि तुझ्या जागी मला घेणार आहेत, परभणी नाही, इथंच. ते बोलले आहेत माझ्याशी."

म्हणजे हेही ठरून गेलं होतं. तिच्या शिक्षेची मापं घेऊन झाली होती.

"माझ्या खुर्चीत बसल्यावर," ज्योत्स्नानं विचारलं, "नाईकवाड्यांनी पुन्हा असा अहवाल मागितला तर?"

शर्वरीनं लॅपटॉप मिटला. तिला खोटं बोलता आलं असतं. "मागितला तर बघू," ती म्हणाली. "तुझ्यासारखं सगळ्यांशी भांडून मला जगायचं नाही."

ज्योत्स्ना उठली आणि आपल्या खोलीत गेली. त्या घरात त्या दिवशी कुणी जेवलं नाही.

मुलीसाठी तुरुंगात जाणं तिला अवघड वाटत नव्हतं. कदाचित त्यात तिला थोडं बरंही वाटलं असतं. इतक्या वर्षांच्या कठोरपणाची भरपाई झाल्यासारखं. पण ती आत गेली की शर्वरी त्या खुर्चीत बसणार होती, आणि कुठल्या तरी दुसऱ्या वसाहतीचं पाणी त्या टेबलावर येणार होतं. ज्योत्स्नानं दीपाली गवारेचा फोटो वर्तमानपत्रात पाहिला होता. हिरव्या साडीत, ओटीभरणाचा. तिला तो फोटो पुन्हा दुसऱ्या बाईच्या चेहऱ्यानं पाहायचा नव्हता.

सकाळी तिनं पुन्हा त्या रेघा काढल्या. या वेळी ती आपला हात शोधत नव्हती, मुलीचा शोधत होती. मुलीची करंगळी मेलेली नाही, नुसती उचललेली आहे. घाईत ती कुठंतरी खाली आली असणार. शर्वरीनं घाई केली नाही असं कधी झालं नव्हतं.

अहवालाच्या तळाशी ठरलेली ओळ असते. 'अहवाल तयार करणार: ज्योत्स्ना पोफळे.' तिथं ते सापडलं. 'त' हे अक्षर उजव्या अनामिकेखाली असतं. ज्योत्स्नाला 'तयार' लिहिताना अनामिका 'त'वरून उचलावी लागते, मगच ती 'य'वर जाते; दोन्ही कळा एकदम दाबणं त्या एका बोटाला शक्यच नाही. इथं 'त'ची रेघ संपण्याआधी 'य'ची रेघ सुरू झाली होती. दोन कळा क्षणभर एकाच वेळी खाली होत्या. आईचं नाव लिहायची वेळ आली तेव्हा शर्वरीला लवकर संपवून उठायचं असावं, आणि तिची चांगली करंगळी आपल्या जागी पडली होती.

ती शिंगणेबाईंच्या कार्यालयात गेली. त्यांनी कीबोर्ड बनवणाऱ्यांचा तज्ज्ञ बोलावला. तो आधी हटून बसला. यंत्र एका जोडीवरून नाही, सगळ्या लयीवरून निर्णय देतं, तो म्हणाला. 'य'वर एखाद्या वेळी डावा हातही येऊ शकतो. ज्योत्स्नानं त्याला तिच्या काचेवरचे सगळे जुने अहवाल उघडायला सांगितले. प्रत्येक अहवालाच्या तळाशी तीच ओळ होती. तिच्या प्रत्येक 'तयार'मध्ये 'त' सुटल्यावरच 'य' आला होता, एकदाही आधी नाही. काच काही विसरत नव्हती, ते आता तिच्या बाजूनं होतं. मग तज्ज्ञानं तिची करंगळी पाहायला मागितली. त्यानं ती हलकेच वाकवून पाहिली आणि आपल्या यंत्राकडे वळला.

"मग हा हात कुणाचा?" शिंगणेबाईंनी विचारलं.

त्यांना उत्तर आधीच सुचलं होतं हे ज्योत्स्नाला दिसत होतं. पण त्यांनी ते तिच्या तोंडून वदवून घेतलं, आणि तिनं सांगितलं.

शर्वरीला प्रयोगशाळेतून नेलं. आपला बचाव म्हणून तिनं नाईकवाडे यांचं नाव घेतलं, आणि नाईकवाडे यांनी तिला ओळखत असल्याचं फक्त कर्मचारी म्हणून मान्य केलं. पण वसाहत बांधणाऱ्या लोकांशी झालेलं त्यांचं बोलणं बाहेर आलं आणि तेही आत गेले. 'निर्झर'ला टाळं लागलं. ठेका कीबोर्ड बनवणाऱ्या कंपनीनं एक पत्रक काढून कळवलं की रक्ताच्या नात्यातल्या व्यक्ती एकाच ठिकाणी काम करत असल्यास सूट कमी करून घ्यावी. ज्योत्स्नानं ते वाचलं. रक्ताचा इथं काही संबंध नव्हता. शिकवण्याचा होता. पण ते कंपनीला सांगायची तिला इच्छा झाली नाही.

खटला उभा राहिला तेव्हा ज्योत्स्नाची साक्ष झाली. तिनं भरल्या न्यायालयात हात पुढे करून करंगळी दाखवली, आणि मग शर्वरीला तिच्या जागेवरून अहवालाच्या तळाची तीच ओळ टाइप करायला सांगण्यात आलं. शर्वरीनं सावकाश, करंगळी वर उचलून टाइप केलं. दुसऱ्यांदा, लवकर करायला सांगितल्यावर, करंगळी खाली आली. बालाजी गवारे शेवटच्या बाकावर होता. सुनावणी संपल्यावर तो जिन्यात ज्योत्स्नाला भेटला. आता तरी तो काही बरं बोलेल असं तिला वाटलं होतं.

"तुमची पोर जिवंत आहे," तो म्हणाला. "माझ्याकडून शाबासकी मागू नका."

त्यानंतर तो फाटकाशी आला नाही.

काही महिन्यांनी शर्वरीला जामीन मिळाला. एका दुपारी ती घरी आली. ज्योत्स्नानं दार उघडलं. मुलगी वाळली होती, केस कापले होते. ती सरळ आपल्या खोलीत गेली आणि कपाटातले कपडे मोठ्या पिशवीत भरायला लागली. ज्योत्स्नानं जेवणाचं विचारलं. शर्वरी नको म्हणाली. कुठं राहणार आहेस, असं विचारल्यावर ती कपाटातला पुढचा कप्पा रिकामा करू लागली.

"मी तुझ्यासाठी जाणार होते आत," ज्योत्स्ना दारातून म्हणाली. "त्या दिवशी तेच सांगायला तोंड उघडलं होतं. तू बोललीस आणि..."

"माहीत आहे." शर्वरीनं पिशवीची चेन ओढली. ती अडकली, तिनं पुन्हा ओढली. "तू चूक केलीस असं मी म्हणत नाही. कुणीही विचारलं तर मी म्हणणार नाही. पण सगळ्यांसमोर उभं राहून तू सिद्ध केलंस ना, की हा हात तुझा नाही? सिद्ध झालं. आता ते तसंच राहू दे."

ज्योत्स्नाला बोलायचं होतं. चुकीचं होतं तेवढंच मी नाकारलं, तुला नाही, असं काहीतरी. पण आयुष्यभर या मुलीला ती फक्त चुकीचं काय तेच सांगत आली होती, आणि दुसरं काही सांगायची भाषा तिला त्या क्षणी सापडली नाही.

पिशवी जड होती. ज्योत्स्नानं एका बाजूचा बंद धरला. शर्वरीनं तो हिसकावून घेतला नाही. दोघींनी मिळून ती पिशवी जिन्यातून खाली आणली, एकमेकींकडे न बघता, पायऱ्यांवर एकाच वेळी पाऊल टाकत. फाटकाशी रिक्षा उभी होती. रिक्षावाल्यानं पिशवी मागे कोंबली आणि विचारलं, कुठं घ्यायची.

शर्वरी आत बसली. "तुम्ही आधी निघा," ती रिक्षावाल्याला म्हणाली. "पुढं गेल्यावर सांगते."